बशीरचाचाची कानस आणि सलीमचं काउंटर

गिरणीत बसणाऱ्या बाईच्या अंगावर दोन गोष्टी बसतात. एक पीठ आणि दुसरे किस्से. पीठ संध्याकाळी पदरानं झटकलं की जातं तरी. किस्से झटकावेत तेवढे आत जाऊन बसतात! बरं, मी काही ते गोळा करत हिंडत नाही. लोक दळण ठेवतात, नंबर येईपर्यंत बोलतात, आणि मधेच लाईट गेली तर आणखी बोलतात. आमच्या पाटोद्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे बोलण्याला तोटा नाही.

त्यात माझी गिरणी आणि शेजारचं बशीरचाचाचं दुकान यांच्यामध्ये एकच पत्रा. त्या पत्र्याला एक भोक आहे. ते मी पाडलेलं नाही! तिथला खिळा आपोआप निघाला. आता खिळाच निघाला त्याला मी काय करू? मी फक्त माझी खुर्ची त्या बाजूला घेतली, एवढंच. तिकडं वारा चांगला लागतो.

बशीरचाचाला सगळा तालुका ओळखतो. वय सत्तरीच्या घरात, दाढी पांढरी, आवाज मात्र तरण्या माणसाला लाजवील असा. धंदा एकच, जुन्या हातकरवतींना धार लावायची. करवत दोन फळ्यांच्या मध्ये घट्ट धरायची, तीन कडांची कानस घ्यायची आणि एकेक दात घासत पुढं जायचं. आता सुतारांकडं मशिनी आल्यात, पण लाईट गेली की सगळ्यांना हातकरवत आठवते आणि करवत आठवली की बशीरचाचा.

चाचाचा मुलगा सलीम. पस्तिशीचा, हिशोबी, पण मनानं गरीब. त्यानं अर्धं दुकान घेऊन तिथं काउंटर टाकलं. नव्या करवती, हातोड्या, स्क्रू, कुलपं, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात टांगलेलं. म्हणजे बघा, एकाच दुकानात डावीकडं बाप जुन्याला धार लावतोय आणि उजवीकडं पोरगा नवी विकतोय. गिऱ्हाईक मधल्या उंबऱ्यावर!

*

एकदा शाळेतले एक गुरुजी आले. हातात गंजलेली करवत. दारातल्या लिंबाची फांदी वायरीला लागत होती, ती कापायची होती.

"गुरुजी, टाका ती करवत. नवी घ्या. पाकीट फोडलं की काम चालू," सलीम म्हणाला.

"कावून टाकायची? असं लोखंड आता मिळत न्हाई. दुपारपर्यंत थांबा, लोण्यासारखी कापती," चाचा.

"अब्बा, गुरुजींना एकच फांदी कापायची हाय."

"आज एक हाय. झाड काय वाढायचं थांबणार हाय का बे?"

गुरुजींनी अर्धा तास दोघांचं ऐकलं. माझ्या गिरणीत दोन बायकांचं दळण निघालं तोवर. शेवटी त्यांनी आपली करवत काखेत मारली आणि म्हणाले, "तुमच्या दोघांचंही मला पटलंय. त्यापेक्षा मी शेजाऱ्याची मागून आणतो!"

*

सलीमच्या नव्या करवतीच्या दातांची टोकं निळी-काळी असतात. ती भट्टीत इतकी कडक केलेली असतात म्हणे, की बरेच दिवस धार जातच नाही. पण एकदा गेली की गेली. त्यांना कानस लागत नाही. वापरायची आणि फेकायची.

हे चाचाला कुणी सांगितलं नव्हतं. एक सीताफळाची बाग असलेले शेतकरी सलीमकडूनच नेलेली करवत घेऊन आले आणि सरळ चाचापुढं ठेवली. "छाटणी चालू हाय, चाचा. जरा हात फिरवा."

चाचानं कानस लावली. कानस सटकली! परत लावली, परत सटकली. तिसऱ्यांदा जोर केला तर करवतीला काही झालं नाही, कानसच गुळगुळीत झाली.

"सलीम! ह्याचे दात काचेचे हायेत का बे?"

"अब्बा, तिला धार लावायची नसती. दात गेले की फेकून द्यायची."

चाचा उठून उभा राहिला. "फेकायची? म्हंजे उद्या मी आजारी पडलो तर दवाखाना न्हाई, डायरेक्ट कब्रस्तान!"

आतल्या दारातून हमीदाचाचीचा, म्हणजे चाचाच्या बायकोचा, आवाज आला. "दवाखान्यात चला म्हणून आमी वर्ष झालं पाया पडतोय! तुमीच येत न्हाई!"

चाचा खाली बसला आणि कानसीवर फुंकर मारत राहिला. मी मात्र भोकाजवळून हलले नाही. दवाखाना? कसला दवाखाना? मला कसं माहीत नाही?

*

माहीत नव्हतं त्याला कारणही तसंच. चाचाचे कान!

एकदा मी गहू दळत होते. चाचा पत्र्यापलीकडून ओरडला, "मंगल, दगड गुळगुळीत झाल्याचा आवाज येतोय, छिन्नीनं टाकी लाव त्याला. पीठ गरम पडतंय."

मी पिठात हात घातला. गरम! गिरणी माझी, पीठ माझ्या हाताखाली, आणि कळलं कुणाला? पत्र्यापलीकडच्या माणसाला!

नामदेव मिस्त्री म्हणून सुतार आहे, चाचाचा जुना गिऱ्हाईक आणि तेवढाच जुना टोमणेबाज. त्यानं एकदा गंमत केली. तलवाड्याच्या पाहुण्याची करवत आणली आणि म्हणाला, "चाचा, माझी हाय. लावून ठेवा."

चाचानं अंगठा दातावरून फिरवला, पात्याला टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, "तुझी न्हाई. हा माणूस डावखुरा हाय अन् ओली बाभूळ कापतो. तुझ्याकडं एवढं काम कुठं?"

पाहुणा खरंच डावखुरा निघाला! नामदेव आठ दिवस सांगत फिरला, "चाचाचा अंगठा म्हंजे आधार कार्डाचं मशीन हाय."

आम्ही सगळे हसलो. चाचा अंगठा फिरवतो, टिचकी मारतो, कान लावतो. पण बघत का नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मला तर लोक काय काय म्हणतात!

*

ते डोक्यात आलं बोर्डामुळं.

त्या उन्हाळ्यात बाप-लेकाचं बोलणं बंद झालं होतं. कारण नेहमीचंच, जुनं का नवं. एके दिवशी चाचा नमाजला गेला असताना सलीमनं दुकानावर बोर्ड चढवला. पिवळा पत्रा, लाल अक्षरं, गाढव ओळखील एवढी मोठी:

"येथे नवीन करवती मिळतील. जुन्या करवतींना धार लावणे बंद आहे."

मी देवाचं नाव घेतलं. गिरणी लवकर बंद केली. आता रामायण होणार!

चाचा आला. बोर्डाखालून आत गेला. कानस काढली. कर्र, कर्र, कर्र.

मी म्हटलं, उद्या होईल. दुसऱ्या दिवशी चाचा दिवसातून दहा वेळा बाहेर आला, चहा पिला, बोर्डाकडं तोंड करून तपकीर ओढली. काही नाही! आठ दिवस गेले. वर बोर्ड म्हणतोय धार बंद, खाली चाचा धार लावतोय. गिऱ्हाईकं वर बघायची, खाली बघायची आणि हसायची.

शेवटी एकानं विचारलंच, "चाचा, बंद हाय ना?"

"काय बंद हाय? दुकान उघडं हाय, मी समोर बसलोय," चाचा खेकसला. "आंधळा हाईस का बे?"

गिऱ्हाईक हसलं. मला मात्र हसू आलं नाही. सुपातलं धान्य तसंच धरून मी उभी राहिले. बशीरचाचा आठ दिवस भांडला नाही, म्हणजे बशीरचाचाला दिसत नाही!

दुपारी सलीमला मी गिरणीत बोलावलं, पोत्यावर बसवलं आणि सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तसा तो माझ्याकडं आला की पांढराच होतो, पण हे पीठ नव्हतं.

"मंगलताई, मोतीबिंदू हाय हे माहीत होतं. पण एवढं गेलंय हे न्हाई." मग म्हणाला, "तो बोर्ड मी अब्बांनी भांडावं म्हणून लावलता. भांडले असते तर बोलणं तरी झालं असतं."

"मग उतरव की आता!"

"कसा उतरवू? अब्बा आता नमाजबी घरातच पढतात, शिडी लावली की त्यांना ऐकू येतं. काय करतो म्हणले तर काय सांगू?"

म्हणून बोर्ड तिथंच राहिला.

*

मग चाचाला ऑपरेशनला तयार करायची खटपट सुरू झाली. चाचीचं सांगून झालं, सलीमचं नामदेवकरवी सांगून झालं, आमच्या ह्यांनी सांगितलं. मी तर पत्र्यातूनच रोज सांगत होते.

चाचाचं उत्तर एकच. "माझं काम कानानं चालतं. डोळ्यात हत्यार घालून बिघडलं तर? आता निदान ऊन-सावली कळती."

मी म्हटलं, "चाचा, अहो शिरूरच्या माझ्या मावशीनं केलं. आता सुईत दोरा ओवती."

"तिला सुईचं काम असंल. माझ्या करवतीच्या दातांना दोरा लागत न्हाई."

एक दिवस चाची दळण घेऊन आली आणि बसल्या बसल्या रडायला लागली. म्हणाली, "रात दिन हातानं चाचपडतात. भाकरीवर ठेचा कुठं वाढला तेबी मी सांगायचं. पण दुकान सोडा म्हणलं की म्हणतात, कानस सुटली की मी संपलो." मी तिचं दळण नंबरात पुढं घेतलं. दुसरं काय करणार?

*

पोळा झाल्यावर एका दुपारी लाईट गेली आणि वाद पेटला. नामदेव मिस्त्रीची जुनी करवत चाचानं नुकतीच लावून ठेवली होती. सलीम म्हणाला, माझी नवी हिच्यापेक्षा चांगली कापते. चाचा म्हणाला, दाखव. इतक्या महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलले, ते हे!

दारात फळ्या ठेवायचे दोन लाकडी घोडे मांडले. एकसारख्या जाडीच्या बाभळीच्या दोन फळ्या. दोन्हींवर खडूचं सूत मारून सरळ रेघ उठवली. एका फळीवर नामदेव जुनी घेऊन, दुसरीवर सलीम नवी घेऊन. लाईट नव्हतीच, त्यामुळे सगळी गल्ली बघायला मोकळी होती.

"हां, चालू!"

नामदेवनं करवत ओढली आणि भुसा उडायला लागला. कसली कापत होती ती! सलीमची अर्ध्यात असताना नामदेवचा तुकडा धाडकन खाली पडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चाचा मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघितलं का बे? जुनं लोखंड!"

आणि मग लोक गप झाले. कारण नामदेवची फळी कापली होती जोरात, पण वाकडी. खडूची रेघ एकीकडं आणि काप दुसरीकडं. निघालो शिरूरला आणि पोचलो तलवाड्याला, असा! एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा मोठे राहिले की करवत तिकडं ओढते. हे सुताराच्या पोरालाही कळतं.

चाचाला ती शांतता ऐकू आली. "काय झालं? सरळ गेली ना?"

नामदेव मिस्त्री, आयुष्यात ज्यानं कुणाला टोमणा मारायचा सोडला नाही, तो त्या फळीकडं बघून म्हणाला, "सुतात हाय, चाचा. एकदम सुतात."

सलीमनं आपली करवत थांबवली. जिंकला असता, पण खाली मान घालून म्हणाला, "व्हय अब्बा. सरळ हाय."

चाचा उठला. हात पुढं करत घोड्यापर्यंत गेला. कापलेल्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परत एकदा फिरवलं.

मी तोंडात पदर धरला होता.

चाचा नामदेवकडं वळला. "तुला खोटंबी नीट बोलता येत न्हाई, नाम्या." आणि मग सलीमला म्हणाला, "गाडी सांग. बीडला जाऊ."

*

दवाखान्यातलं मला चाचीनं सांगितलं. हे खरं किती आणि तिनं वाढवलेलं किती, ते तिला ठाऊक. ती सांगताना इतकी हसत होती की तिचं निम्मं दळण सांडलं.

डॉक्टर तरुण होता. चाचाचा धंदा विचारून घेऊन त्याला समजावत होता, "डोळ्यातलं जुनं भिंग खराब झालंय. ते काढायचं आणि तिथं नवं बसवायचं."

चाचा ताडकन उठला. "नवं? जुन्यालाच घासूनपुसून जमत न्हाई का?"

"नाही चाचा. ह्याला धार लागत नाही."

सलीमनं म्हणे तोंड भिंतीकडं केलं.

चाचा परत खाली बसला आणि त्यानं हळूच विचारलं, "अन् तुमी जे हत्यार वापरणार, ते? ते तरी धार लावलेलं हाय ना?"

"ते कोरं असतं. एका पेशंटला वापरायचं आणि फेकून द्यायचं."

आता सलीमला राहवलं नाही. "अब्बा, सांगू का त्यांना, फेकत जाऊ नका म्हणून?"

चाचा म्हणाला, "गप बस! इथं नवंच बरं."

*

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी निघाली. आम्ही सगळे वाट बघत. गाडीतून चाचा उतरला, काळा चष्मा घातलेला, चाचीचा हात धरलेला. मी विचारलं, "चाचा, आला का उजेड?"

"उजेड हाय, मंगल. माणूस न्हाई."

सगळं धुक्यासारखं दिसत होतं. डॉक्टर म्हणाला होता, आत सूज आहे, थेंब टाका, उतरेल. पण दोन दिवस गेले, चार गेले, धुकं काही हटेना. चाची थेंब टाकायची आणि माझ्याकडं बघायची. मी तिच्याकडं बघायची नाही.

आणि खंडेनवमी तोंडावर आली! त्या दिवशी सगळे कारागीर हत्यारांची पूजा करतात, आणि बोथट करवत देवापुढं कोण ठेवील? दरवर्षीप्रमाणं सुतारांनी करवती आणून टाकल्या. ढीग लागला. सलीम म्हणाला, "अब्बाला महिनाभर वाकायचं न्हाई, भुशात बसायचं न्हाई. नव्या घ्या." सुतार म्हणाले, "थांबतो."

मग काय करणार! सलीमनं काउंटरचा पडदा ओढला आणि स्वतः कानस हातात घेतली. चाचा बाहेर खुर्चीवर, काळ्या चष्म्यात, कान आत.

कर्र, कर्र...

"चूक! तिरपी धर."

कर्र, कर्र...

"चूक! एक डावीकडून, एक उजवीकडून. सलग जाऊ नको."

दिवसभर हेच. तिसऱ्या दिवशी सलीम घामाघूम होऊन म्हणाला, "अब्बा, तुमाला दिसत न्हाई, तर चूक कशी काय कळती?"

"दिसत न्हाई म्हणूनच कळती. दिसलं असतं तर तुझ्या तोंडाकडं बघून गप बसलो असतो!"

आत कानस थांबली. जरा वेळानं परत चालू झाली, पण आता हळू आणि नीट. टाकी लावल्यावर गिरणीचा दगड जसा नीट बोलायला लागतो, तशी.

*

नवव्या दिवशी सकाळी मी ज्वारी दळत होते. चाचीनं चाचाला दुकानाबाहेर खुर्चीवर बसवलं, चष्मा काढला, मान वर करून थेंब टाकला आणि आत गेली. चाचा मान वर करून तसाच बसून राहिला. मी बघत होते. भोकातून नाही, दारातून. चाचानं डोळे मिचकावले, पुसले. परत वर बघितलं. ओठ हलायला लागले.

"ये... थे..."

मी गिरणीचं बटण बंद केलं.

"न... वीन... कर... वती..."

समोरचा चहावाला किटली हातात धरून उभा राहिला. आत सलीमची कानस बंद पडली. बोर्ड! दवाखान्याच्या गडबडीत बोर्ड काढायचा राहिला होता!

"जु... न्या... कर... वतींना..."

पुढचं चाचानं मनात वाचलं. खुर्ची मागं पडली.

"सलीऽऽम! कोण लावलं बे हे? धार बंद? माझ्या दुकानावर? माझ्या डोक्यावर? खाली उतरव तो पत्रा, त्याच्या आधी तू दुकानातनं खाली उतर!"

सलीम पळत बाहेर आला. चाचानं तोंडाला येईल ते सुनावलं, मराठीत सुनावलं, मग ते पुरेना म्हणून घरच्या भाषेत सुनावलं. सलीम समोर उभा, डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. शिव्या खाऊन एवढा खूश झालेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही!

चाची दारातच खाली बसली. "दिसलं! या अल्ला, दिसलं!"

मी घरातून गुळाची ढेप आणली आणि गल्लीत सगळ्यांना खडा खडा वाटला. चाचा शिव्या देतोय आणि लोक गूळ खातायत. शेवटी चाचानं विचारलं, "हे लोक कावून हसायलेत बे?"

चहावाला म्हणाला, "चाचा, अजून थोडं वाचा की. माझ्या दुकानावर काय लिहिलंय?"

"उधार बंद," चाचा म्हणाला. "तुझ्याकडं बघितलं तरी कळतं, वाचायला कशाला पायजे?"

*

आणि हा शेवटचा. खंडेनवमीच्या आदल्या दिवसाचा.

डॉक्टरनं चाचाला दुकानात बसायची परवानगी दिली होती, बघायचं, पण वाकायचं नाही. चाचा बसला. दोन वर्षांनी त्यानं आपल्या दुकानाकडं डोळे भरून बघितलं. मग नामदेव मिस्त्रीची करवत उचलली, तीच शर्यतीतली, आणि उजेडाकडं धरून एका डोळ्यानं दातांच्या रांगेवर नेम लावला.

"अरे देवा! हे दात कुण्या गाढवानं काढले बे?"

नामदेव दारातच उभा होता. "गाढव म्हणू नका, चाचा. वयानं मोठं हाय."

चाचा स्वतःच खो-खो हसला. मग परत करवत बघितली. पातं घासून घासून निम्मं झालं होतं. म्हणाला, "नाम्या, हिच्यात आता काय राहिलंय? किती दिवस घासायची? टाक ती. सलीमकडनं नवी घे, चांगल्या असतात त्या."

काउंटरवरून सलीम उडी मारूनच आला. "टाकायची कावून? द्या इकडं! असं लोखंड आता मिळतं का अब्बा?"

"आरं, पातं संपलं तिचं!"

"आणखी दोन वर्षं जाती! मी लावतो. एका बाजूचे दात उतरवले की सुतात चालती."

"गिऱ्हाइकाला नादी लावू नको. नवी दे."

"नवी न्हाई देणार! धार लावून देणार!"

"दुकान कुणाचं हाय बे?"

"तुमचंच हाय, म्हणून तर लावतोय!"

करवतीचा दांडा बापाच्या हातात आणि टोक लेकाच्या. नामदेव मध्ये उभा. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग आपली करवत त्यांच्याच हातात सोडून तो गिरणीत आला, पोत्यावर बसला आणि टोपी काढून मला म्हणाला,

"मंगलताई, तुमाला सगळं माहीत असतं. एक खरं सांगा. डोळ्याचं ऑपरेशन नेमकं कुणाचं झालं?"